सिस्टरची जोडी

“सिस्टर, घंटा वाजली की उजव्या दारानं बाहेर पडायचं. डुलक्या काढू नका,” पक्षाचे प्रतोद बाकावर वाकून म्हणाले. मतदानाच्या वेळी आपल्या पक्षाची माणसं हाकणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं.

“मी नाही उठणार. पलीकडच्या पक्षाच्या मास्तरीणबाई आज आल्या नाहीत. त्यांची जोडी मी आहे.”

प्रतोदांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

जोडी ही सभागृहाची जुनी रीत. पलीकडचं कुणी खऱ्याखुऱ्या अडचणीमुळे आलं नाही, तर अलीकडच्या एकानं त्या दिवशी मत द्यायचं नाही, फिट्टंफाट. पुरुषांनी ती केव्हाच मोडीत काढली होती. दोन्ही पक्षांचं इतकं वाकडं, की कॅन्टीनमध्ये एकमेकांच्या टेबलावरचं पाणीसुद्धा मागत नसत. बायकांनी ती जपली, पण त्यामागं काही थोर विचार होता असं नाही. बायकांची खोली एकच होती आणि तिच्यात सोफाही एकच. सभागृहात एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या तेवढ्या बाकी ठेवलेल्या बाया तिथं मांडीला मांडी लावून बसत. बसल्यावर बोलणं होतंच. मत मात्र प्रत्येकीचं आपल्या पक्षालाच, त्यात तसूभर फरक नाही.

सिस्टरची निम्मी हयात प्रसूतिगृहात नर्स म्हणून गेलेली. सकाळी मास्तरीणबाईंनी फोनवर सांगितलं, लेकीला कळा सुरू झाल्यात, आणि सिस्टर बोलून गेल्या, “तू जा गं, इथलं मी बघते.” म्हणजे जोडीचा शब्दच. मतदान उद्या आहे अशी त्यांची समजूत होती. ते आजच निघालं. आणि विधेयक तरी कुठलं? प्रत्येक प्रसूतिगृहात रात्रपाळीला दोन नर्स. खर्च परवडायचा नाही म्हणून पलीकडचे विरोधात. त्याच विधेयकासाठी सिस्टरनी आपल्या पक्षातल्या प्रत्येकाचं डोकं खाल्लं होतं.

“तुमचं मत पडलं तर बरोबरी. मग निकाल अध्यक्षांच्या हातात, आणि अध्यक्ष आपले,” प्रतोद दात आवळून म्हणाले. “फोन लावा आणि शब्द परत घ्या.”

“ती तिकडं लेकीचा हात धरून बसलीय. तिला काय सांगू, तो सोड आणि मत द्यायला ये?”

“अहो, विधेयक तुमचंच आहे ना?”

“माझंच आहे. म्हणून तर पोटात तुटतंय.”

“मग पुढचं तिकीट विसरा.”

घंटा वाजली. बाजूनं मत देणारे उजव्या दारानं, विरोधातले डाव्या दारानं बाहेर पडले आणि एवढ्या मोठ्या दालनात बाकांवर सिस्टर एकट्या उरल्या. त्यांचे पाय उठायला बघत होते. त्यांनी दोन्ही गुडघे हातांनी दाबून धरले.

विधेयक एका मतानं पडलं.

बाहेर येताच फोन वाजला. “मुलगी झाली गं!” मास्तरीणबाई ओरडल्या. “रडते केवढ्यानं! अगदी तुमच्या प्रतोदांसारखी!” मग आवाज खाली आला. “ऐकलं मी. तू बसून राहिलीस?”

“शब्द दिला होता ना.”

“मी असते तर विरोधातच मत दिलं असतं, माहितेय तुला.”

“माहितेय की, कर्मदरिद्री!”

दोघी हसल्या, आणि हसता हसता सिस्टरना रडू फुटलं. विधेयकाचं दुःख होतंच, पण पोरीच्या जन्माचा आनंद त्याच्याहून मोठा होता, आणि तो लपवायचा तरी कशाला? कॅन्टीनमध्ये जाऊन त्यांनी दोन्हीकडच्या टेबलांना चहा सांगितला. “मला नात झालीय!”

प्रतोदांनी कप दूर सारला, मग परत जवळ ओढला. “बाळ-बाळंतीण?”

“सुखरूप.”

ते चहा प्यायले. 

पुढच्या विधेयकाची घंटा वाजली. आपल्या पक्षाच्या रांगेत सिस्टर शेवटी उभ्या राहिल्या. पुढच्यानं वळून पाहिलं आणि पुन्हा मान फिरवली. त्यांनी पदर सारखा केला आणि उजव्या दारानं सगळ्यांच्या मागून बाहेर पडल्या.