पाइपात कोंबलेलं जाकीट

बाहेर उणे तीस. आत बावीस.

स्टेफकाच्या घरात वाऱ्याला शिरायला जागा नव्हती. खिडक्यांना प्लॅस्टिक, दारांखाली गुंडाळलेल्या चादरी. उरलं होतं एकच भोक. तळघरात घर तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीशेजारी बाहेरून आत उतरणारा पत्र्याचा पाइप. त्यातून थंडगार हवा खाली पडायची ती नेमकी कोबीच्या रांजणावर. आंबायला घातलेले अख्खे गड्डे दोन आठवडे झाले तरी ढिम्म आंबत नव्हते.

आणि कोबी आंबायलाच हवा होता. सहा जानेवारीचं, जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळच्या आदल्या संध्याकाळचं जेवण एकतीस वर्षं नणंदेकडे, पारास्काकडे व्हायचं. यंदा प्रथमच ते स्टेफकाकडे होतं. रिवाजानं बारा पदार्थ. कोबीच्या आंबट पानांचे रोल नसले तर अकरा, आणि मग वर्षभर पारास्काच्या तोंडी तेच.

स्टेफकानं नवऱ्याचं जुनं पिसांचं जाकीट त्या पाइपात कोंबलं. आठवड्यात कोबी झकास आंबला.

भट्टीचं मत

कुणी विचारलं नाही.

सहा जानेवारी, दुपारी दोन. बाहेर उणे चौतीस. आत चोवीस.

शेगडीवर बीटचं सार, शेजारी कांदा परततोय, वरचा मोठा पंखा पूर्ण जोरात. खाली यंत्रात टेबलक्लॉथ वाळतायत. न्हाणीघरातलाही पंखा चालू. तिन्ही मिळून घरातली हवा बाहेर फेकत होते. खिडक्या आतून घामेजल्या होत्या. स्टेफकाचं डोकं ठणकत होतं, पण पारास्का अकरापासून स्वयंपाकघरात उभी होती, त्यामुळे तिला त्यात नवल वाटलं नाही.

"खसखस कमी पडलीय," पारास्का म्हणाली. "आणि माझंही डोकं चढलंय. तुझ्या घरात कोंदट वाटतं गं."

"कोंदट नाही, ऊबदार."

तेवढ्यात जिन्यातला अलार्म कोकलायला लागला. स्टेफकाचा नवरा मेट्रो खालून ओरडला, "कार्बन मोनॉक्साइड. सगळे बाहेर."

मेट्रोच्या ट्रकमध्ये. बाहेर तेवढंच. आत तिघं, पारास्काचा मोठा फरकोट आणि मांडीवर साराचं पातेलं.

"पातेलं कशाला आणलंस?" मेट्रोनं विचारलं.

"हाताशी होतं."

"माझ्याकडे चला सगळे," पारास्का म्हणाली. "माझी भट्टी शहाणी आहे. टेबल तर मांडलेलंच आहे."

"मांडलेलंच?" स्टेफकानं मान वळवली. "कधी मांडलंस?"

"काल. असंच."

स्टेफकानं पातेलं आणखी घट्ट धरलं.

तीन वाजता. आत अकरा, दारं-खिडक्या सताड उघड्या.

जवळच्या यॉर्कटन गावाहून लाइल आला. भट्ट्या दुरुस्त करणारा, पस्तिशीचा. चौथीत स्टेफका त्याची शिक्षिका होती. आधी त्यानं तिघांना प्रश्न विचारले. चक्कर? उलटी? डोकी उतरली का? मोकळ्या हवेत उतरली होती. मग हातातलं मीटर बघत तो तळघरात गेला आणि आकडा शून्यावर आल्यावर त्यानं स्टेफकाला खाली बोलावलं. पाइपातून जाकिटाची एक बाही लोंबत होती.

"बाई, हे कुणी केलं?"

चौथीच्या वर्गात हा प्रश्न ती विचारायची.

"मी," ती म्हणाली. "कोबीवर गार हवा पडत होती."

"ती कोबीसाठी नाही, भट्टीसाठी आहे. गॅस जळायला हवा लागते. तुम्ही घर बरणीसारखं बंद केलंत आणि वर तीन पंखे लावून आतली हवा ओढून काढलीत. मग घर हवा आणणार कुठून? धुराड्यातून. वर जायचा धूर उलटा घरात."

"आज इथे जेवण होईल का, ते सांग."

"बघू. दारं लावा, भट्टी पेटवतो, आणि दुपारी जे जे चालू होतं ते सगळं पुन्हा चालू करा. मी मीटर धरून उभा आहे."

त्यानं धूर सोडणारी एक कांडी पेटवून भट्टीच्या तोंडाशी, धुराडं सुरू होतं तिथे धरली. जाकीट अजून पाइपातच. धूर लगेच वळून स्टेफकाच्या तोंडावर आला. लाइलनं जाकीट उपसलं. थंड हवा धाडकन कोसळली, आणि धूर चाचपडला, थोडा वर, थोडा बाहेर.

"अजूनही?" स्टेफकानं विचारलं.

"स्वयंपाकघरातला पंखा बंद करा."

तिनं जिन्यातून हाक मारली. वर पारास्कानं बटण दाबलं, आणि धूर कुणीतरी दोरीनं ओढावा तसा सरळ धुराड्यात गेला. पाच मिनिटं लाइल तसाच उभा राहिला. धूर वरच जात राहिला.

"पाइप उघडा, रांजण त्या कोपऱ्यात, आणि तो मोठा पंखा लावायचा नाही. दुसरी सोय करेपर्यंत तरी. एवढं पाळलंत तर जेवा खुशाल."

"आणि मासे?" पारास्का जिन्यावरून म्हणाली. "पंख्याशिवाय मासे तळलेस तर ईस्टरपर्यंत वास जायचा नाही. म्हणून म्हणते, माझ्याकडे—"

"गॅरेजमध्ये विजेची कढई लावते," स्टेफका म्हणाली. "पण मासे तुझ्याइतके कुणाला जमत नाहीत, पारास्का. माझे चिकटतात, तूच म्हणतेस."

एकतीस वर्षं पारास्कानं हे वाक्य सगळ्यांना ऐकवलं होतं, आता नाही कसं म्हणणार.

"माझा कोट आणा," ती म्हणाली.

पाच वाजून गेल्यावर. बाहेर उणे छत्तीस. आत एकोणीस, आणि तळघरातून गार झुळूक.

टेबलक्लॉथखाली रिवाजाचं गवत पसरलं होतं, अकरा पदार्थ मांडले होते; बारावा, मासे, अजून गॅरेजमध्ये. लाइललाही बसवून घेतलं होतं. पहिली चांदणी दिसल्याशिवाय जेवायला बसायचं नसतं. मेट्रो खिडकीपासून वळला. "दिसली चांदणी. बसायचं का?"

स्टेफकानं गॅरेजचं दार उघडलं. कढईपाशी पारास्का: फरकोट, लोकरी टोपी, हातात उलथनं आणि भोवती वाफेचा ढग. "चांदणी आली," स्टेफका म्हणाली.

"चार तुकडे राहिलेत," पारास्का म्हणाली. "थांबायला सांग तिला."

स्टेफकानं खुंटीवरचा कोट चढवला आणि ताट धरून तिच्याशेजारी उभी राहिली.