बाटलीतला लाल बोळा आणि मी

मी एक जुना कुंचला आहे. शेळीच्या मऊ केसांचा, लाकडी दांड्याचा आणि आता अर्ध्या टकलाचा. हसू नका, मित्रांनो! माझे केस कुठे गेले ते ऐकलंत, तर मला मान द्याल.

रंग लावणं हे माझं काम कधीच नव्हतं. मला बांधलं ते धूळ झाडण्यासाठी. डोंगरातल्या एका गुहेत फार पूर्वी कोणीतरी भिंतीवर चित्रं काढली होती. पुढे माणसं निघून गेली आणि जनावरांनी मुक्काम ठोकला. वटवाघळांनी छताजवळ घाण केली, गांधीलमाश्यांनी चित्रांवर मातीची घरं बांधली आणि खालच्या भागावर म्हशींनी अंग घासघासून काळा, चिकट थर चढवला.

भिंत साफ करायला आलेल्या मंडळींचे प्रमुख होते मास्तर. मला त्यांनीच विकत घेतलं. आधी ते मला कोरडंच फिरवत, मग कापसाचा ओला बोळा घेत. वापरलेला प्रत्येक बोळा तारीख घालून बाटलीत ठेवत. "आधी भिंग, मग बोळा," हा त्यांचा दंडक होता. थर भिंगातून तपासल्याशिवाय ओला हात लावायचा नाही. गांधीलमाशीचं अख्खं घर आम्ही चार दिवस झाडत बसायचो, आणि खालून एखाद्या नर्तकीची पाच बोटं शाबूत निघाली की मास्तर माझा दांडा थोपटायचे. मला काय ऐट यायची म्हणून सांगू!

एका संध्याकाळी मात्र घात झाला. भिंतीवर गाय होती आणि तिच्यामागे वासरू. वासराचा पुढचा भाग थराखाली होता. तोंडाच्या जागी लाल रंग तेवढा दिसत होता. उजेड कमी होत चालला होता. मास्तरांनी भिंग न लावताच बोळा फिरवला. बोळा लालभडक झाला आणि भिंतीवर राहिला कोरा, पांढरा गिलावा.

"पुसलं मी त्याला," एवढंच ते बोलले.

त्यांनी तो बोळा बाटलीत कोंबला, बाटली आणि मी एकाच डब्यात गेलो आणि झाकण लागलं. मास्तरांनी काम सोडलं ते सोडलंच. बिनतोंडाचं वासरू गुहेत तसंच राहिलं. अंधारात मला फार एकटं वाटायचं. शेजारी तो बोळा, आणि मला बोलता येत नाही!

अठरा वर्षांनी झाकण उघडलं ते मास्तरांच्या मुलीने. तीही आता याच कामात होती. त्या गुहेचं काम तिच्याकडे आलं होतं आणि वरून हुकूम होता, वासराला नवं तोंड रंगवून टाका. तिला ते पटत नव्हतं.

"बाबा, ही बाटली उघडते."

"नको गं. झाकली मूठ राहू दे. सगळ्यांना शिकवलं आणि स्वतःच चुकलो. आता आणखी काय बघायचंय त्यात?"

"तुम्ही तरी कधी बघितलंत का?"

मुलीने बाटली उघडली. तिने बोळा भिंगाखाली धरला. तो सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. मग म्हणाली, "बाबा, रंगाला कधी केस फुटतात का हो?"

लाल कापसात आखूड, राठ, काळे केस अडकले होते. म्हशीचे! गुहेखालच्या तांबड्या डबक्यात लोळून म्हशी भिंतीला अंग घासत, तीच माती ती. मी स्वतः केसांचा. मला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण कुंचल्याचं ऐकतो कोण?

"माती असेल," मास्तर म्हणाले, "पण मग वासराचं तोंड कुठंय?"

दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत गुहेत आले. मुलीने कोऱ्या जागेच्या खालचा काळा थर भिंगातून तपासला. मग मला हातात घेतलं. माझे बरेचसे केस त्याच दिवशी गळाले, पण मी हटलो नाही. दुपारपर्यंत एक कान दिसला. मग डोळा. मग गाईच्या सडाला लागलेलं इवलंसं तोंड. वासराने मान खाली घातली होती, म्हणून ते वर सापडत नव्हतं.

मास्तर स्टुलावर मटकन बसले. "अठरा वर्षं मी याला मारून बसलो होतो," ते म्हणाले, "आणि हे आपलं निवांत दूध पितंय!" आणि ते इतके हसले, की मुलीला त्यांना पाणी द्यावं लागलं. माझाही जीव भांड्यात पडला.

आता गुहेच्या तोंडाशी कुंपण आहे. बाहेर एक जाड खांबही रोवला आहे, म्हशींना अंग घासायला. तो मास्तरांनी हट्टाने रोवून घेतला. "त्यांनाही खाज सुटते," असं ते म्हणतात.

मित्रांनो, जुन्या भिंतीला टेकू नका, तिच्यावर नावं कोरू नका. आणि आपल्या हातून काही बिघडलं असं वाटलं, तर ते बाटलीत कोंडून ठेवू नका. उजेडात धरून नीट बघा, भीती वाटली तरी बघा. वासराचं तोंड सापडलं त्या संध्याकाळी मास्तरांनी मला स्वतः धुतलं, उरलेले केस बोटांनी सरळ केले आणि खिडकीत उभं ठेवलं. डब्यात मात्र पुन्हा ठेवलं नाही.