मेनूतले नाहीसे झालेले गाणे

मित्रांनो, तुम्ही मला रोज बघता आणि रोज ओलांडून पुढे जाता. मी एका फुटबॉलच्या व्हिडिओ गेमचा मेनू आहे, आणि तोही जुना. ‘सामना सुरू करा’, ‘संघ निवडा’, ‘जर्सी बदला’ अशा चौकटी घेऊन मी पडद्यावर उभा असतो आणि मागे गाणी वाजत असतात. तुमचे बोट बटणावर आणि जीव मैदानात. माझ्यापाशी थांबायला वेळ कोणाला असतो? आता त्याचे वाईट वाटत नाही, अंगवळणी पडले आहे. थकलो आहे, एवढेच.

मला जन्म देणारी कंपनी दर वर्षी नवा फुटबॉल गेम काढते आणि दर वर्षी त्याला नवा मेनू लागतो. माझ्या वेळी ते काम एका चष्मेवाल्या मुलीकडे होते. चौकटींचे कोपरे गोल असावेत की टोकदार, यावर तिने साहेबांशी इतका वाद घातला की शेवटी साहेबच कंटाळून जेवायला निघून गेले. गाणी निवडायला एक दाढीवाला होता. तो दिवसभर कानाला हेडफोन लावून बसायचा आणि बहुतेक गाण्यांवर नाक मुरडायचा. मेनूतले गाणे कोणी पुरते ऐकत नाही, म्हणून ते अर्ध्यावर सोडताना जिवावर आले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. धडाकेबाज गाण्यांच्या मधेच त्याने एक संथ गाणे घातले. एक बाई गाते आणि मागे नुसता ठेका. साहेब म्हणाले, पोरे झोपतील. दाढीवाला हटून बसला आणि गाणे राहिले.

पुढे इंटरनेटवरून उतरून मी एका शिंप्याच्या घरी आलो. बाहेरच्या खोलीत खिडकीशी बाबांचे शिलाई मशीन, समोर टीव्ही आणि टीव्हीखाली मी राहतो तो गेमचा डबा. खेळायची ताई आणि तिच्याकडून हरायचा धाकटा. बाबा कधीच खेळले नाहीत. त्यांना रस होता तो फक्त जर्सी निवडण्याच्या पानात. ते पान आले की मशीन थांबवून ते पडद्याजवळ येत आणि एकेक जर्सी पुढूनमागून फिरवून दाखवायला लावत. ही कॉलर कोणी बसवली, मानेला काचणार, असे पुटपुटत. तिकडे पोरे वैतागायची आणि इकडे मी सुखावायचो. मला इतके निरखून पाहणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

वर्षे गेली. माझ्या पाठची भावंडे आली, माझ्यापेक्षा देखणी आणि भलतीच बडबडी. ताई नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली. धाकटा शिकायला वसतिगृहात राहू लागला आणि तिथे नवा गेम खेळू लागला. आई शाळेत शिकवायला जाई, त्यामुळे दुपारी घर खायला उठे. तेव्हा बाबा मला लावून ठेवू लागले. सामना नाही, काही नाही, नुसता मेनू. गाणी वाजत राहायची आणि ते शिवत राहायचे. संथ गाणे लागले की त्यांचे पायही मशीनवर हळू व्हायचे. शब्द परक्या भाषेतले, एकही कळत नव्हता. तरी चाल त्यांच्या ओठांवर बसली होती.

मग धाकटा सुट्टीला आला. आमच्या डब्याचे इंटरनेट आईने पूर्वी कधीतरी परीक्षेच्या धास्तीने काढून टाकले होते आणि नंतर ते जोडायचे कोणाच्या लक्षातच आले नव्हते. धाकट्याने ते जोडले. बाबांचा जुना गेम जरा नीट चालावा, एवढाच त्याचा हेतू. त्याने अपडेट केला आणि त्या अपडेटने माझी काही गाणी काढून नेली. त्यांत ते संथ गाणेही गेले. माझा आवाजच कोणीतरी कापून नेला आणि मला ओरडताही आले नाही.

बाबांनी त्या दुपारी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीही पाहिली. मग त्यांनी धाकट्याला विचारले, ते बाईचे गाणे का लागत नाही? धाकट्याने कधी मेनूपाशी थांबून ऐकले असेल तर शपथ. तो सहज म्हणून गेला, “असं गाणं यात नव्हतंच बाबा. तुम्ही रेडिओवर ऐकलं असेल.”

बाबांना वाटले, कानांचे काही झाले असेल. डॉक्टरांनी तपासले. कान ठणठणीत निघाले. तिथेच त्यांनी मनाशी ठरवून टाकले. कान ठीक आहेत, तर बिघडले आहे ते डोके. गिऱ्हाइकाचे माप एकदा घेतले की त्यांना ते तोंडपाठ असायचे. आता ते तेच माप पुन्हा पुन्हा घेऊ लागले. गिऱ्हाइके चुळबुळ करू लागली. एका ओळखीच्याने मुलाच्या लग्नाचा कोट शिवायला सांगितला, तर बाबांनी आता होत नाही म्हणून हात जोडले. मशीन झाकले आणि ते पलंगावर बसून राहू लागले. आई शाळेतून आली की त्यांना बोलते करू पाहायची, पण ते हं-हं करायचे. मी रोज हे बघत होतो. गाणे होते, हे मला पक्के ठाऊक होते. पण मेनूला स्वतःचे तोंड नसते, मित्रांनो.

ताई आली ती सुट्टी काढूनच. आईने फोनवर सगळे सांगितले होते. तिने मला सुरू केले आणि बाबांना म्हणाली, ते गाणे कसे होते, म्हणून दाखवा. बाबांनी नको-नको केले. मग भिंतीकडे बघत, चोरट्यासारखी, त्यांनी चाल धरली. दुसऱ्याच ओळीला ताई त्यांच्याबरोबर गुणगुणू लागली.

बाबा थांबले. “तुला कसं येतं?”

“तुम्ही जर्सी बघत बसायचात, तेव्हा मी काय करत होते? हेच ऐकत होते.”

तिने मोबाइलवर शोधाशोध केली आणि ते गाणे लावले. माझ्या पोटातले गाणे मी पहिल्यांदाच बाहेरून ऐकले. ताईने समजावले, गेममधली गाणी भाड्याने आणलेली असतात, मुदत संपली की ती काढून घेतात. दारात उभा असलेला धाकटा खाली बघत होता. अपडेट मीच केला, असे तो म्हणाला. बाबा त्याच्यावर रागावले नाहीत. त्यांनी फक्त ताईला पुन्हा विचारले,

“म्हणजे ते होतं.”

“होतं बाबा.”

“मी उगाच बोलत नव्हतो.”

“नाही.”

तेव्हा ते रडले. ताईने गाणे बंद केले नाही. धाकटा येऊन त्यांच्याजवळ बसला.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. माझ्या जागी दर वर्षी नवा मेनू येतोच, आणि माझे गाणे आता माझ्यात परत येणार नाही. पण तुमच्या घरातले एखादे वयाने मोठे माणूस म्हणाले, की इथे असे काहीतरी होते, तर लगेच नव्हते म्हणून मोकळे होऊ नका. शोधायला थोडा वेळ लागतो, तेवढा द्या. त्या माणसाने गाणे आधीच गमावलेले असते. तुमच्या एका शब्दाने त्याचा स्वतःवरचा विश्वास जातो.