मिठूची दोन मिनिटं

मिठूला खरं नाव होतं, पण नववीच्या वर्गात ते हजेरीपुरतंच उरलं होतं. वर्गशिक्षिका बाईंचं खाकरणं, शिपायाचं घंटेआधीचं पुटपुटणं, मुख्याध्यापकांचं माइकवरचं 'हॅलो, हॅलो', सगळं हुबेहूब काढायची पोरगी. म्हणून मिठू! मधल्या सुट्टीत तिच्याभोवती ही गर्दी. वर्गात आपली जी काही किंमत आहे ती एवढ्यासाठीच, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि बाईंना कुठून सुचलं कोण जाणे, त्यांनी फर्मान काढलं. उद्या प्रत्येकाने फळ्यापाशी येऊन दोन मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं. "आणि मिठू, नकला मुळीच नकोत."

झालं! घरी मिठू आरशासमोर उभी राहिली. "मला वाचायला आवडतं," ती म्हणाली, तर तो थेट मावशीचा सूर. पुन्हा म्हणाली, तर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचा. तिसऱ्यांदा साक्षात बाईच बोलल्या. तिने तोंड गच्च मिटलं. जगाचे आवाज काढता येतात आणि आपला म्हणून एक नाही, म्हणजे काय?

"कोण आलंय गं?" आतून आई ओरडली. "किती जणींचा चहा टाकू?"

हसावं की रडावं, मिठूला कळेना.

दुसऱ्या दिवशी एकेक जण फळ्यापाशी जाऊन आला. कुणी फुटबॉलवर बोललं, कुणी मांजरावर, एक जण तर नुसताच घाम पुसून परतला. मग मिठूचं नाव पुकारलं गेलं.

"बाईंचा आवाज काढ ना," मैत्रीण कुजबुजली, "धमाल येईल!"

मोह झालाच. एकदा खाकरलं की वर्ग खिशात. पण फळ्यापाशी गेल्यावर जो आवाज फुटला तो चिरका, अडखळणारा, मध्येच बसणारा.

"मला काय आवडतं ते... मला माहीतच नाही. तुम्ही हसता तोवर बरं वाटतं. घरी गेल्यावर भीती वाटते."

वर्गात हशा पिकला.

"कुणाची गं ही नक्कल?"

"ग्रंथपालबाईंची!"

"छे, सातवीतल्या त्या रडूबाईची!"

बाईंनी टेबलावर डस्टर आपटलं. "मिठू! काय सांगितलं होतं मी?"

मिठूचा जीव कासावीस झाला. "नक्कल नाहीये, बाई," ती त्याच चिरक्या आवाजात म्हणाली. "मीच बोलतेय."

"अगदी खरं वाटतंय गं!" मैत्रीण ओरडली, आणि टाळ्या पडल्या.

बाई मात्र हसल्या नाहीत. मिठूचे ओठ थरथरताना त्यांना दिसले.

"गप्प बसा सगळे," त्या म्हणाल्या. "बोल बाळ. अजून दीड मिनिट आहे तुझं."

वर्ग चिडीचूप झाला. आता मात्र मिठू खरी घाबरली, कारण पुढचं वाक्य तिचं तिलाच शोधायचं होतं.