अकरा वेळा घेतलेलं नाव

अवसरी बुद्रुकच्या साळुबाईंनी चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव अकरा वेळा घेतलं होतं. हा आकडा अंदाजपंचे नाही. कोणी विचारलं असतं तर त्यांनी अकराच्या अकरा प्रसंग, त्या दिवशी अंगावर कोणतं लुगडं होतं त्यासकट सांगितले असते. माप ओलांडून घरात येताना एकदा, पंगतीत घास भरवताना एकदा, लेकाच्या, गोरखच्या बारशाला एकदा, नणंदेच्या लग्नात बायकांनी दार अडवून धरलं तेव्हा एकदा, आणि शेवटचं पंच्याण्णव साली, गोरखच्याच लग्नात, विहीणबाई ऐकेचनात म्हणून. सगळं उखाण्यात. उखाण्याबाहेर एकदाही नाही.

याला कारण सासूबाई, झुंबरबाई. नवी सून घरात येऊन तीन दिवस झाले नाहीत तोच चुलीपुढं बसून त्यांनी बजावलं होतं, "बायकूनं नाव घेतलं का नवऱ्याचा एक दिस कमी व्हतो. उखाण्यात घ्यावंच लागतं, त्याला विलाज न्हाई. पर उधळू नको." झुंबरबाई स्वतः ऐन तिशीत विधवा झालेल्या. त्यांनी नाव किती वेळा घेतलं होतं, हे विचारायची घरात कोणाची छाती नव्हती.

तेव्हापासून साळुबाईंनी पिकाला बसवावी तशी स्वतःच्या जिभेला राखण बसवली.

आता नवऱ्याचं नाव सोमाजी नाहीतर चिमाजी असतं, तर रोजच्या बोलण्यात ते कशाला आडवं आलं असतं? पण नाव होतं गुलाब. गुलाब सावळेराम. आणि गुलाब तर पावलोपावली भेटतो. हौदाच्या कडेला गुलाबरावांनीच लावलेलं झाड साळुबाईंच्या तोंडी 'काट्याचं फूल' होतं. लग्नाच्या जेवणातले गुलाबजाम म्हणजे 'पाकातलं गोळं'. मंचरच्या कापडदुकानात त्यांना गुलाबी लुगडं हवं असलं की त्या म्हणायच्या, "कुंकवात दूध सांडल्यावानी रंग दाखवा." दुकानदार बिचारा अर्धं कपाट उलगडून बसायचा. बचत गटाच्या मॅडम फॉर्म भरायला आल्या, तेव्हा 'पतीचे नाव' या रकान्यापाशी सगळा गट अडला. शेवटी प्रत्येकीनं शेजारणीच्या नवऱ्याचं नाव सांगितलं आणि काम अर्ध्या तासात उरकलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. पण फॉर्ममध्ये एक चूक निघाली नाही.

गुलाबरावांचे बालमित्र कुशाबा शेजारीच राहायचे. त्यांना ही करमणूक फुकट मिळालेली.

"वयनी, आज देवाला कंचं फूल वाहिलं?"

"जास्वंद."

"आन त्याच्या शेजारचं वो?"

"तुमच्या डोस्क्यात कांदं भरल्यात ना, त्यातलाच येक."

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला गुलाबराव खोडदला रखवालदार म्हणून लागले. तिथं शेताशेतांतून त्या आभाळाचं ऐकणाऱ्या दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्या उभ्या राहत होत्या. आठवडाभर तिथं, रविवारी घरी. काम बघायला लांबलांबचे पाहुणे यायचे. त्यांत एकदा एक इराणी बाई आल्या. फाटकाशी थांबून त्यांनी रखवालदाराला नाव विचारलं, आणि ऐकून अशा खुलल्या की जणू माहेरचं माणूस भेटलं. सोबतच्या साहेबानं हिंदीत समजावलं: हे नाव मूळ त्यांच्या मुलखातलं. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. त्यांच्याकडे गुलाब म्हणजे फूल नव्हेच. फुलाचं पाणी, लग्नात शिंपडतात ते. पाण्याचं नाव फुलाला दिलं ते आपण लोकांनी.

पन्नाशी उलटलेल्या माणसाला आपण फूल नसून पाणी आहोत हे कळलं, तर त्यानं स्वस्थ बसावं. गुलाबराव बसले नाहीत. पुढच्या रविवारी वाट वाकडी करून ते जुन्नरला गेले आणि तिथल्या अत्तरवाल्या चाचांना विचारलं. चाचांना फारसीही येत होती आणि मस्करीही. ते म्हणाले, "भाऊ, इराणी बाई बराबर बोलली. पण आगे सुनो. तेच पाणी अरबांकडे गेलं. त्यांच्या जिभेवर ग बसत नाही, म्हणून त्याचं झालं जुलाब. हकीमलोक त्याच्यात पोटाची दवा घालून द्यायचे. हळूहळू पाणी गेलं, फूल गेलं, दवा राहिली. तुमच्या मराठीत जुलाब म्हणतात तो तुझाच भाऊ."

ही गोष्ट गुलाबरावांनी कुशाबांना सांगितली, ही त्यांची चूक. पुढं महिनाभर दर रविवारी कुशाबा बांधावरून ओरडत होते, "काय जुलाबराव, पानी सोडलं का शेताला?"

"आरं, इराणातनं पायी निघालेलं नाव हाय," गुलाबराव म्हणायचे. "वाटेत पोट बिघडणारच."

पण त्या रविवारी जुन्नरहून घरी आले, तेव्हा त्यांचा नूर वेगळा होता. साळुबाई गोठ्यात धार काढत होत्या. गुलाबरावांनी खिशातून चाचांनी दिलेली इवलीशी कुपी काढली, बायकोचा हात ओढून तळव्यावर दोन थेंब टाकले आणि म्हणाले, "ह्यो बघ मी."

साळुबाईंनी वास घेतला.

"त्या बाईनं कसं लांबवून म्हणलं माझं नाव. चाचानं म्हणलं. कुशा तर ल्हानपनापास्नं म्हणतोय, वाकडं का व्हईना. समद्या मुलखाच्या तोंडून ऐकलं. तुझ्या तोंडून तेवढं ऱ्हायलं बघ."

"धा वेळा घेतलंय की."

"त्ये उखाण्यात. त्यात निम्मं ध्यान तुझं जुळवण्यात. म्या म्हणतो नुस्तं. हाक मारल्यागत."

"आन तुमचा दिस कमी झाला म्हंजे?"

"येक दिस घे माझा. दिला जा."

"मला नगं," साळुबाई म्हणाल्या आणि मूठ मिटून घेतली. दुसऱ्या हातानं धार काढता येत नव्हती, गाय खोळंबली होती, तरी मूठ त्यांनी बराच वेळ उघडली नाही.

पुढं वर्षातून दोन-तीनदा गुलाबराव असा विषय काढायचे. हसत काढायचे, हसत सोडायचे. मग काढेनासे झाले. साळुबाईंना वाटलं, सुटली पीडा. मग वाटलं, का बरं सुटली?

दोन हजार चार साली गुलाबराव हौदाला पाणी सोडून विसरले. एकदा, दोनदा, मग रोज. लोणीच्या बाजाराला म्हणून निघाले आणि मंचरच्या स्टँडवर बसून राहिले. पुढच्या वर्षी नात संस्कृती चौथीत गेली. घरातल्या माणसांच्या नावांचे अर्थ लिहून आणा, असं गुरुजींनी सांगितलं. तिच्या नावाचा अर्थ तिची आई आरतीनं पुस्तकात बघून ठेवलाच होता. आजोबांचा अर्थ आजोबांनीच सांगितला. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी, इराण, अरब, हकीम, चाचा, सगळं जिथल्या तिथं. पोरगी भराभरा लिहीत होती. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "लई फिरलेलं नाव दिसतंय. कुणाचं म्हनलीस?"

संस्कृती खळखळून हसली. साळुबाई भाकरी थापत होत्या. त्यांची परातीतली भाकरी फाटली.

त्यानंतर गुलाबराव नावानं ओ देईनासे झाले. गोरखनं "दादा" म्हटलं तरी बघायचे नाहीत. कुशाबा बांधावरून जुनी हाळी घालून बघायचे आणि उत्तर आलं नाही की पागोटं सारखं करत निघून जायचे. साळुबाईंचं "अहो" मात्र अजून चालत होतं. त्या आवाजाला ते मान वळवायचे. तेवढं चालतंय तोवर आपलं माणूस आपलंच आहे, असं साळुबाईंनी मनाशी धरलं.

पुढच्या साली अंगारकीला सगळे ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला गेले. गर्दी अशी की पाय ठेवायला जागा नाही. गोरख जीप लावायला गेला, आरती संस्कृतीला घेऊन रांगेत उभी राहिली. साळुबाईंनी नवऱ्याचा हात धरून ठेवला होता. दूर्वांची जुडी घ्यायला तो सोडला. जुडी घेऊन वळल्या तर शेजारी दुसरंच कोणी धोतरवाले उभे.

पाच मिनिटांत भोंग्यावर आलं: "अवसरी बुद्रुकचे गुलाब सावळेराम, वय सहासष्ट, पांढरं धोतर, डोक्याला टोपी. जिथं असाल तिथून देवळाच्या दारापाशी यावं." तीनदा आलं. आपल्या नवऱ्याचं नाव साऱ्या ओझरभर वाजताना साळुबाईंना आधी लाजच वाटली. मग कळलं, ते ऐकून ओ देणारा माणूसच आता नाही.

गोरख रस्त्याकडं पळाला. आरतीनं भोंग्यापाशी थांबायचं ठरलं. साळुबाई कोणाला न विचारता घाटाकडं निघाल्या. गुलाबरावांना हल्ली पाणी दिसलं की उभं राहावंसं वाटतं, हे त्यांना ठाऊक होतं.

कुकडी नदी तुडुंब होती. धरणाच्या फुगवट्यानं खालच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या आणि नावा लोकांना फिरवून आणत होत्या. गुलाबराव अगदी खाली, घोटाभर पाण्यात, पाठमोरे. पुढची पायरी दिसत नव्हती, ती ते पायानं चाचपत होते.

"अहो!" साळुबाई वरून ओरडल्या.

घाटावरची वीस-पंचवीस पुरुषमाणसं एकदम वळली. वीस-पंचवीस बायकांचे नवरे. काहींनी तर "काय गं?" असंही विचारलं. वळला नाही तो एकच.

"अहो, गोरखचं दादा! माघारी फिरा!"

गुलाबरावांना पायरी सापडली. पाणी गुडघ्याला लागलं. साळुबाईंचे गुडघे गेल्या तीन वर्षांपासून पायऱ्यांना नाही म्हणत होते. पळणं तर सोडाच. शेजारून कोणाला सांगावं, तर सांगायचं काय? पाय धुवायला उतरलेल्या इतक्या धोतरांतलं कोणतं?

साळुबाईंनी पदर कमरेला खोचला आणि हाक मारली.

"गुलाब!"

राव नाही, उखाणा नाही, काही जुळवणं नाही. आवाज असा निघाला की कडेची शेंगदाणेवाली दचकली. पाण्यातला माणूस थांबला. आणि वळला.

बारा, असं साळुबाईंच्या मनात आपोआप आलं. मग त्या एकेक पायरी बसत, टेकत खाली गेल्या, गुलाबरावांच्या दंडाला धरून त्यांनी त्यांना कोरड्या पायरीवर ओढलं आणि शेजारी बसवलं. दोघांनाही धाप लागली होती.

गुलाबराव त्यांच्याकडं निरखून बघत राहिले. मग त्यांनी हात जोडले. "रामराम. हाक तुमी मारली व्हय?"

"मग कोण मारंल?"

"कुठल्या म्हनायच्या?"

"अवसरीच्या."

"आमी बी अवसरीचं. बघितल्यावानी वाटतंय तुमाला."

"अवो, मी साळू."

गुलाबरावांनी बराच विचार केला. मग समजूत घालावी तशी मान हलवली. "न्हाई, बाई. साळू माझं नाव घेत न्हाई. तीच तर तिची खूण हाय."

समोरून एक नाव निघाली, पोरांनी आरडाओरडा केला, ती लांब गेली.

"तुमी लई ब्येस घेतलं नाव," गुलाबराव म्हणाले. "आतून घेतलं. म्या पान्यात व्हतो, तरी लागलं. पर तिनं घेतलं असतं, तर आन गोष्ट व्हती. तिला म्हनलो व्हतो, येक दिस घे माझा, पर येकदा नुस्ती हाक मार. घेती व्हय? मूठ झाकून बसली." त्यांनी स्वतःचा हात मिटून दाखवला. "मला म्हाईत हाय ती का घेत न्हाई. माझं दिस मोजून ठिवल्यात तिनं. कुणाला हात लावू देत न्हाई, मला बी न्हाई."

साळुबाईंनी पदर डोळ्यांना लावला. गुलाबरावांना वाटलं, पाणी उडालं. ते थोडे बाजूला सरकले. परक्या बाईशी बोलायचं तर रीतीचं काहीतरी विचारावं, म्हणून त्यांनी विचारलं, "तुमच्या मालकाचं नाव काय?"

आत्ताच सगळ्या घाटानं ऐकलेलं नाव. साळुबाईंनी तोंड उघडलं. ओठाशी आलंही. आणि तिथंच अडलं. मान आपसूक खाली गेली, पदराचं टोक दातांत गेलं, अंगठा पायरीच्या दगडावर रेघ ओढायला लागला. चुलतसासऱ्यापुढं, तलाठ्यापुढं, बचत गटाच्या मॅडमपुढं व्हायचं, अगदी तसंच.

गुलाबराव बघत होते. वाकून त्यांनी साळुबाईंच्या तोंडाकडं पाहिलं, आणि हसले. दोन वर्षांत असे हसले नव्हते.

"आमची बी अश्शीच करती," ते म्हणाले. "हुबेहूब अशीच."

ते बराच वेळ तसेच बघत राहिले. काहीतरी जवळ येत होतं, पायानं चाचपलेल्या पायरीसारखं. साळुबाई हलल्या नाहीत. श्वाससुद्धा मोठा घेतला नाही.

मग गुलाबराव उठले. धोतर पिळलं, टोपी नीट केली आणि हात पुढं केला. "चला. पायऱ्या निसरड्या हायेत, तुमचं गुडघं बी बरं दिसत न्हाईत. तुमच्या मालकापतूर सोडतो तुमाला. मला बी घाई हाय. ती वाट बघत आसंल."

साळुबाईंनी त्यांच्या हातात हात दिला. एकेक पायरी थांबत दोघं चढायला लागले. वर भोंगा पुन्हा सुरू झाला होता. वाऱ्यानं निम्मं उडून जात होतं; वय सहासष्ट, पांढरं धोतर, एवढंच खाली पोचलं.

गुलाबराव थबकून ऐकायला लागले. "कुणाच्या तरी घरचं म्हातारं हारवलंय," ते म्हणाले.

"सापडंल," साळुबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात घट्ट धरला.