पहिल्या घाण्याचा मान

आमच्या घरी बड्यांचा, म्हणजे डाळीच्या वड्यांचा, पहिला घाणा निघाला की तो मामाजींच्या ताटात जातो. मामाजी म्हणजे माझे सासरे, रूपलालजी. ते एक बडा मोडतात, डोळे मिटून खातात आणि "जमला" म्हणतात. मगच दुसरा घाणा कढईत सोडायचा. त्यांच्या ताटात वाढलेले परत न्यायचे नाही, टाकायचे तर मुळीच नाही. उरलेच तर घरच्याच कुणीतरी संपवायचे. लाखोरीच्या डाळीचे बडे उरतात कशाला म्हणा.

गेल्या वर्षी भाताची रोवणी आटोपली आणि मामाजींच्या छातीत कळ आली. नागपूरला नेऊन स्टेंट बसवला. ते धडधाकट घरी आले, पण माझे यजमान, भुवनेश्वर, दवाखान्यातून आले ते स्वतःच डॉक्टर होऊन. मोबाईलवर कुणीतरी सांगितले की तूप म्हणजे विष, तर तुपाची बरणी माझ्या माहेरी रवाना झाली. आठवड्याने दुसरा म्हणाला की तूप अमृत आहे, विष ते रिफाइंड. मग बरणी परत आली, तीही अर्धी, कारण माझा भाऊ काही कमी नाही. त्यानंतर तांदळाच्या कोंड्याचे तेल आले. मामाजी म्हणाले, "कोंडा तं आमी ढोराइले चारत होतो." शेवटी गाडी जवसाच्या तेलावर येऊन थांबली. सासूबाई त्याच तेलावर लहानाच्या मोठ्या झालेल्या; त्या नुसत्या हसल्या.

तेल बदलत राहिले, यांचा हुकूम मात्र एकच राहिला: बाबूजींच्या तोंडात तळलेले जायचे नाही.

सासूबाईंनी रीत सोडली नाही. पोळा असो, दसरा असो, दिवाळी असो, पहिला घाणा मामाजींच्याच ताटात. हे शेजारी पाट मांडून बसायचे आणि मामाजींचा हात पोचायच्या आत ताट रिकामे करायचे. "जमला" हेसुद्धा हेच म्हणायचे, तोंडात घास असताना. मामाजी मुकाट्याने बघत बसायचे. मला भारी राग यायचा. जीव वाचवायचा म्हणून माणसाचा मान काढून घ्यायचा का?

अशात माझ्या नणंदेचे, भूमेश्वरीचे लग्न ठरले. त्या दिवशी मामाजींनी मला हळूच विचारले, "रविता, पोरीच्या लग्नातबी मी नुस्ता पायतच बसू का?"

मी बापलेक दोघांनाही उठवले आणि गोंदियाला डॉक्टरांकडे नेले.

यांनी तिथे तेला-तुपाचा सगळा पाढा वाचला. डॉक्टर हसून म्हणाले, की यावर आमच्यातही वाद चालतात. पण तेल कुठलेही असो, हात आखडता ठेवा, तळून उरलेले पुन्हा तापवू नका, डालडा नको, रोज चाला आणि गोळ्या चुकवू नका. मामाजींची तपासणी उत्तम निघाली होती. लग्नात एक बडा खायला त्यांनी खुशाल परवानगी दिली. मग त्यांची नजर यांच्या पोटावर गेली. आलाच आहात तर तुमचेही रक्त देऊन जा, म्हणाले.

संध्याकाळी कळले की मुलाचे कोलेस्टेरॉल बापाच्या कितीतरी वर. डॉक्टरांनी विचारले, खाता तरी काय?

मामाजीच बोलले, "साहेब, मले वाचवाले हा माह्या वाट्याचे बडे खाऊन रायला."

डॉक्टर हसले, मीही हसले. मग यांच्याकडे पाहिले तर डोळे भरलेले. "बाबूजी," हे म्हणाले, "तुमाले काई झालं असतं तं मी कोनाले बाबूजी म्हनलो असतो?"

माझा सगळा राग तिथेच विरघळला. मामाजींनी घर येईपर्यंत यांचा हात सोडला नाही. दुसऱ्या सकाळपासून बापलेक तलावापर्यंत फिरायला जाऊ लागले. चार पावले चालून हे धापा टाकायचे आणि मामाजी पुढे जाऊन वाट बघायचे.

लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात कढई चढली. पहिला घाणा मामाजींच्या ताटात आला. सवयीने यांचाही हात पुढे गेला. मामाजींनी मनगट धरले. एक बडा उचलला, मोडला, अर्धा स्वतः खाल्ला आणि अर्धा यांच्या तोंडात घातला. उरलेले ताट माझ्याकडे सरकवले. मी घरचीच की.

सगळ्या बाया झारे थांबवून मामाजींच्या तोंडाकडे बघत होत्या. मामाजी मात्र यांच्याकडे बघत होते.

"जमला का?"

यांनी नुसती मान हलवली.

"मान हालवून नाई चालत. तूच म्हन आता."

"जमला, बाबूजी," हे म्हणाले, आणि दुसरा घाणा कढईत पडला.