रकान्यात न बसलेली चिठ्ठी

मित्रांनो, सरकारी कार्यालयाच्या जिन्याखाली झाडू आणि मोडका पंखा यांच्यामध्ये एक मोठी लाकडी पेटी दिसते ना, ती मी. माझे काम ऐकून घेण्याचे. बोलायची मला सवय नाही. तेव्हा हे नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच आहे. तरी सांगून पाहते.

शाळेच्या जुन्या बाकांच्या फळ्यांतून एका सुतारकाकांनी मला घडवले. माझ्या डाव्या अंगावर कुणीतरी कर्कटकाने कोरलेले अर्धे नाव अजून आहे. देशातल्या तरुणांसाठी एक धोरण तयार व्हायचे होते आणि ते तरुणांना विचारून करायचे, असे वरून ठरले होते.

"एवढी मोठी कशाला, साहेब? चिठ्ठ्याच तर टाकायच्यात," काका म्हणाले.

"फोटोत दिसली पाहिजे," मोठे साहेब म्हणाले. "आणि फट पुढून ठेवा."

मग आम्ही गावोगाव फिरलो. कॉलेजे, कारखाने, बसस्थानके. माझ्याबरोबर कार्यालयात टायपिंग करणाऱ्या ताई असत. आमच्या कार्यालयाजवळच्याच बसस्थानकावर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातली एक मुलगी आली. तिने बिलबुकाचा कागद फाडला, माझ्या झाकणावर ठेवूनच लिहिला आणि चार घड्या घातल्या.

"हे खरंच कुणी वाचतं का हो, मावशी?"

"मी वाचते ना! चष्म्याचा नंबर काय उगाच वाढलाय?" ताई म्हणाल्या. मुलगी हसली आणि चिठ्ठी माझ्या पोटात पडली.

कार्यालयात परतल्यावर टेबलावर पाच गठ्ठे लागले. शिक्षण, रोजगार, आरोग्य, क्रीडा, व्यसनमुक्ती. छापील तक्त्यात रकानेच पाच होते. प्रत्येक चिठ्ठी त्यांतल्या एकात बसवायची, अशी पद्धत. ताई चिठ्ठ्या वाचत, साहेब गठ्ठा सांगत. त्या मुलीची चिठ्ठी आली तेव्हा ताईंनी ती मोठ्याने वाचली.

"माझं काम सहाला सुटतं. घरी एकच खोली आहे, तिथे दादा-वहिनी आणि बाळ. नऊच्या आत घरी गेलं की सगळ्यांचीच अडचण होते. बागेचं फाटक सहाला बंद. हॉटेलात काही घेतल्याशिवाय बसू देत नाहीत. काही विकत न घेता बसता येईल अशी एक जागा द्या."

"क्रीडा," साहेब म्हणाले.

"बसणं म्हणजे क्रीडा कसली, साहेब?"

"मग रोजगार."

"नोकरी आहे तिला."

"मग हिची तक्रार तरी काय आहे? ठेवा परत पेटीत. नंतर बघू."

अशा बऱ्याच चिठ्ठ्या माझ्यात परत आल्या. साहेबांनी मला कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली. पुढे त्यांची बदली झाली. किल्ली कुठे गेली, कुणाला ठाऊक नाही.

दोन वर्षांनी धोरण छापून आले. गुळगुळीत मुखपृष्ठ, आणि तिसऱ्या पानावर माझा फोटो! खोटे कशाला सांगू, मला आनंद झाला. त्याच आठवड्यात मला जिन्याखाली सरकवले.

एका संध्याकाळी ती मुलगी आली. दाराशी ठेवलेल्या गठ्ठ्यातून तिने धोरणाची प्रत घेतली आणि माझ्या शेजारी, खालच्या पायरीवर बसून एकेका ओळीवर बोट फिरवत वाचू लागली. तिची चिठ्ठी तिच्यापासून वीतभर अंतरावर होती. मला ओरडून सांगावेसे वाटले, पण लाकडाला कुठला आवाज? तिसऱ्या पानावर ती थांबली. "पेटी मात्र झकास आलीय," असे स्वतःशीच म्हणाली. शेवटचे पान झाले तेव्हा तिने पुस्तक हळूच मिटले.

ताई जिना उतरत होत्या. "अगं, तू ती बसस्थानकावरची ना?"

"मावशी, वाचली होती का माझी चिठ्ठी?"

"वाचली गं. तीनदा वाचली."

"मग?"

ताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "मी आठपर्यंत असते इथे. तू रोज येऊन बस. कुणी हटकलं तर सांग, ताईंकडे काम आहे."

ती येऊ लागली. कधी वाचायची, कधी माझ्यावर कोपर टेकून नुसती बसायची. काही दिवसांनी एका कारखान्यातल्या आणखी दोघीजणी येऊ लागल्या. त्या हसल्या की माझ्या फळ्या थरथरत. मी इतकी भरलेली कधीच नव्हते.

पुढच्या वर्षी ताई निवृत्त झाल्या. दुसऱ्याच संध्याकाळी नवा पहारेकरी समोर उभा राहिला.

"इथे काय काम आहे?"

"ताईंकडे..."

"त्या गेल्या की रिटायर होऊन. चला, उठा."

त्या उठल्या. मुलीने माझ्या झाकणावरची धूळ हाताने पुसली आणि ती गेली. तिची चिठ्ठी माझ्यातच आहे, हे तिला कधी कळले नाही.

आता धोरण नव्याने करणार आहेत म्हणे. नवी पेटी आली आहे, स्टीलची. फट पुढूनच आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी साहेब झाले, तर पेटी ठेवण्याआधी किल्ली कुणी सांभाळायची ते ठरवा. एखादी चिठ्ठी कुठल्याच रकान्यात बसत नसेल, तर ती परत टाकू नका. नवा रकाना आखायला एक पट्टी आणि पेन्सिल पुरते.

सहा वाजले की मी त्या पायरीकडे पाहते. मुलगी हल्ली कुठे बसत असेल, कोण जाणे. मला उगाच एवढी मोठी केली, असे सगळे म्हणत. पण माझे झाकण रुंद आहे. एका माणसाला बसता येईल एवढे.